दहा ट्रॅक, चाळीस मिनिटं : नासचा ‘इलमॅटिक’

आठवीनंतर शाळा सुटलेला रॅपर नासिर जोन्स ऊर्फ नास वाढला न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत. १९ एप्रिल १९९४ रोजी कोलंबिया रेकॉर्ड्सनं त्याचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम बाजारात आणला, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता.

एका रॅपरचा अख्खा अल्बम सहसा एकच निर्माता बांधायचा, असा तो काळ. इथे मात्र डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. असे पाच जण जमले. तरीही अल्बम कुठे तुटक वाटत नाही, कारण त्याला बांधून ठेवतात ते नासचे शब्द. ‘वन लव्ह’ हे गाणं तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. वस्तीत कोण काय करतंय, कुणाच्या घरी काय घडलं, अशी साधी खबरबात त्यात आहे आणि म्हणूनच ते काळजाला भिडतं. पाहुणा रॅपर एकच, एझी. तो ज्या गाण्यात आहे, त्याच्या शेवटी वाजणारा कॉर्नेट नासचे वडील, जॅझवादक ओलू दारा यांचा.

‘द सोर्स’ मासिकानं अल्बमला पाचपैकी पाच माइक दिले. विक्री मात्र संथ होती. दहा लाखांचा प्लॅटिनम टप्पा गाठायला २००१ उजाडलं.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२१ मध्ये ‘इलमॅटिक’ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिलं. मुंबईच्या रॅपवरचा ‘गली बॉय’ (२०१९) हा चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्यांनी श्रेयनामावली पुन्हा वाचावी : कार्यकारी निर्मात्यांत नासचं नाव आहे.