वयोवृद्ध टर्बोप्रॉप वाहतूक विमानांचे अपघात : एक कारणमीमांसा

प्रस्तावना :

२९ मे २०२२ रोजी नेपाळमधील पोखरा येथून जोमसोमकडे निघालेले तारा एअर या कंपनीचे ट्विन ऑटर विमान मुस्तांग जिल्ह्यातील डोंगरावर आदळले. विमानातील २२ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मृतांमध्ये महाराष्ट्रातील ठाणे येथील एका कुटुंबातील चौघांचा समावेश होता. अपघातानंतरच्या चर्चेत एक तपशील विशेष ठळकपणे पुढे आला, तो म्हणजे विमानाचे वय. १९७९ साली प्रथम आकाशात झेपावलेले हे विमान अपघातसमयी ४३ वर्षांचे होते. 'विमान जुने होते, म्हणून पडले' हे स्पष्टीकरण सहज पटण्याजोगे असते आणि बहुधा चर्चा तेथेच संपते.

चौकशी अहवालाने दिलेले संभाव्य कारण मात्र निराळे होते. ढगांत शिरल्यानंतर वैमानिकांना योग्य मार्ग राखता आला नाही आणि पुढे डोंगर असल्याची सूचना देणारी यंत्रणा त्या वेळी बंद ठेवलेली होती, असा त्याचा आशय आहे. वय आणि अपघात यांचा संबंध लोकसमजुतीइतका सरळ नाही, हे यातून दिसते.

मराठवाड्याच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. 'उडान' योजनेतील अगदी सुरुवातीच्या मार्गांत एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेला हैदराबाद-नांदेड मार्ग होता व त्यावर एटीआर-७२ हे टर्बोप्रॉप विमान योजण्यात आले होते. लहान शहरांची हवाई सेवा आणि सीमेवरील ठाण्यांची रसद ही दोन्ही कामे मोठ्या प्रमाणावर याच जातीची विमाने करतात.

उद्दिष्टे :

१) टर्बोप्रॉप विमानाच्या 'वया'चा तांत्रिक अर्थ स्पष्ट करणे.
२) अशा विमानांच्या अपघातांची कारणे प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे वर्गीकृत करणे.
३) वय हे अपघाताचे कारण कितपत मानता येईल याचा विचार करणे.

टर्बोप्रॉप विमान व त्याचे वय :

टर्बोप्रॉप विमानात वायू-टर्बाइनची शक्ती दंतचक्रांच्या पेटीमार्फत प्रोपेलरला दिली जाते. कमी वेगाच्या व कमी अंतराच्या प्रवासात असे इंजिन जेट इंजिनापेक्षा कमी इंधन घेते. यातील अनेक विमाने आखूड, उंचावरील किंवा कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकतात. त्यामुळे जेथे मोठे जेट विमान जात नाही, तेथे टर्बोप्रॉप जाते. दुर्गम दऱ्या, अपुरी हवामान-माहिती आणि साधी विमानतळ-व्यवस्था यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येतो. अपघातांची तुलना करताना विमान कोठे उडते ही बाब विसरून चालत नाही.

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. उड्डाणाचे एकूण तास, उड्डाण-अवतरणाची चक्रे आणि निर्मितीपासून लोटलेला काळ अशी तीन मापे एकत्र विचारात घेतली जातात. दाबयुक्त कक्ष असलेल्या विमानाचा सांगाडा प्रत्येक उड्डाणात किंचित फुगतो व उतरल्यावर पूर्ववत होतो. पंखही प्रत्येक उड्डाणात वर-खाली वाकतात. एखादी तार वारंवार वाकवल्यास ती तुटते, त्याच न्यायाने धातूत सूक्ष्म तडे जाऊन ते वाढत राहतात. यालाच धातूचा थकवा म्हणतात. गंज मात्र चक्रांवर अवलंबून नसतो. विमान उभे असले तरी ओलावा, सागरी हवा आणि सांडलेले द्रव आपले काम करीतच असतात.

अपघातांची कारणे :

१) सांगाड्याचा थकवा व गंज : ३१ डिसेंबर १९६८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलँडजवळ व्हायकाउंट विमानाचा उजवा पंख हवेतच तुटला आणि २६ जण मृत्युमुखी पडले. पंखातील मुख्य तुळईला थकव्याचा तडा गेला होता. त्या तुळईचे ठरवून दिलेले आयुष्य अद्याप संपलेले नव्हते. पूर्वीच्या एका दुरुस्तीत तिच्या छिद्रात सदोष रीतीने बसविलेल्या धातूच्या नळीमुळे तडा लवकर सुरू झाला होता. म्हणजेच कागदावरचे आयुष्य शिल्लक असतानाही विमान 'म्हातारे' झाले होते.

२ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनहून साल्झबर्गला जाणारे व्हॅनगार्ड विमान बेल्जियममध्ये कोसळून ६३ जण ठार झाले. शेपटीकडील दाबरोधक भिंत गंजाने पोखरली गेली होती. गंज जोडपत्राच्या आड होता आणि तेव्हाच्या तपासणी पद्धतींना तो दिसला नाही. कॅलिफोर्नियात १७ जून २००२ रोजी आग विझविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सी-१३०ए विमानाचे पंख उड्डाणातच निखळले व तिघे कर्मचारी मरण पावले. मालवाहतुकीसाठी बांधलेले हे विमान १९५० च्या दशकातील होते. आगीवर द्रव टाकण्यासाठी खाली झेपावताना त्याच्या पंखांवर पडणारा ताण मूळ कामापेक्षा वेगळा होता. विमानाचे काम बदलले की त्याच्या वयाचा हिशेबही बदलावा लागतो, हा या अपघाताचा धडा आहे.

२) प्रोपेलर व देखभालीतील त्रुटी : १० जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात मरीन दलाचे केसी-१३०टी विमान हवेतच मोडले आणि १६ जण दगावले. एका प्रोपेलरचे पाते तुटून थेट विमानाच्या सांगाड्यात घुसले होते. त्या पात्यावरील गंज २०११ साली झालेल्या मोठ्या देखभालीत काढून टाकणे अपेक्षित होते, परंतु ते झाले नाही. गंजाच्या खड्ड्यातून तडा निघाला आणि सुमारे सहा वर्षांनी तो प्राणघातक ठरला. येथे वयाने दोष निर्माण केला, परंतु अपघात घडविला तो अपुऱ्या तपासणीने.

३) मानवी चूक, हवामान व भूप्रदेश : सांगाडा व इंजिने सुस्थितीत असलेले विमान वैमानिकाच्या नियंत्रणात असतानाच डोंगरावर आदळणे, हा टर्बोप्रॉप विमानांच्या इतिहासात वारंवार दिसणारा प्रकार आहे. महाराष्ट्राने तो पाहिलेला आहे. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे ॲव्हरो विमान ऐन पावसाळ्यात पनवेलजवळच्या डोंगरावर आदळून ४५ जण ठार झाले. कानपूर येथे बांधलेल्या पहिल्या ॲव्हरोचे उड्डाण १ नोव्हेंबर १९६१ रोजी झाले होते. त्यामुळे १९७९ साली भारतीय बनावटीचे कोणतेही ॲव्हरो १८ वर्षांपेक्षा जुने असणे शक्यच नव्हते. पुढे सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्नियर विमान इंदापूर परिसरात उजनी जलाशयात कोसळले व ११ जणांचा अंत झाला. तेही अवघ्या काही वर्षांचे होते. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखरा येथे ७२ बळी घेणाऱ्या एटीआर-७२ विमानाच्या बाबतीत तर, उतरण्याच्या तयारीत असताना चुकीचे दांडे ओढले गेल्याने दोन्ही प्रोपेलरचा जोर नाहीसा झाला, असे चौकशीत आढळले. विमानाच्या वयाचा येथे संबंध नव्हता.

भारतीय हवाई दलाचा अनुभव :

भारतीय हवाई दलाने १९८४ पासून एएन-३२ ही विमाने सेवेत घेतली. ९ जून २००९ रोजी अरुणाचल प्रदेशातील मेचुका परिसरात यांपैकी एक विमान कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले दुसरे एएन-३२ त्याच डोंगराळ टापूत नाहीसे झाले. त्याचे अवशेष ११ जून रोजी सापडले व त्यातही १३ जणांचा मृत्यू झाला होता. दहा वर्षांच्या अंतराने एकाच टापूत घडलेल्या या दोन अपघातांकडे पाहताना विमानाच्या वयाइतकेच त्या दऱ्यांकडे आणि तेथील क्षणाक्षणाला बदलणाऱ्या हवामानाकडेही लक्ष द्यावे लागते.

२२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह बेपत्ता झाले. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी पडलेल्या अवशेषांची छायाचित्रे मिळाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. साडेसात वर्षे २९ कुटुंबांजवळ केवळ प्रतीक्षा होती. अवशेष हाती नसले की कारणमीमांसा अनुमानावर थांबते, आणि पुढील अपघात टाळण्यासाठी मिळू शकणारा धडाही हरवतो.

या विमानांच्या आधुनिकीकरणासाठी २००९ साली युक्रेनशी करार झाला. सुमारे १०० विमानांपैकी ४० युक्रेनमध्ये व उर्वरित कानपूर येथे सुधारली जाणार होती. २०१४ नंतर रशिया-युक्रेन संघर्षामुळे सुट्या भागांच्या पुरवठ्यात अडथळे आले. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपूर येथे आहे. जुन्या विमानांचे आयुष्य वाढविण्याची जबाबदारी पेलणाऱ्या अशा यंत्रणेला परदेशातील राजकीय घडामोडींशीही झुंजावे लागते. ॲव्हरो विमानांच्या जागी सी-२९५ जातीची ५६ विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. कानपूरच्या पहिल्या ॲव्हरोपासून या करारापर्यंत जवळजवळ साठ वर्षे लोटली होती.

वय नेमके काय करते ? :

वरील उदाहरणांवरून वयाचे परिणाम दोन प्रकारचे दिसतात. पहिला परिणाम प्रत्यक्ष असतो. थकवा व गंज वाढतात आणि म्हणून तपासणी अधिक वारंवार व अधिक खोल करावी लागते. दुसरा परिणाम अप्रत्यक्ष असून तो सहसा दुर्लक्षिला जातो. जुन्या विमानाची रचना त्याच्या काळातील उपकरणे गृहीत धरून झालेली असते. भूप्रदेशाची सूचना देणारी यंत्रणा, उपग्रहाधारित दिशादर्शन, अपघातानंतर संकेत पाठविणारी साधने ही मागाहून बसवावी लागतात. ती बसविली तरी वापरली जातीलच असे नाही. अरुंद दरीत धोक्याची सूचना वारंवार वाजू लागली की ती बंद ठेवण्याकडे कल होतो. तारा एअरच्या अपघातात यंत्रणा विमानात होती, परंतु ती मूक होती.

थोडक्यात, वयामुळे चुकीला असलेली सवलत कमी होते. नव्या विमानात एखादी चूक दुसऱ्या उपकरणाने सावरली जाण्याची शक्यता अधिक असते. जुन्या विमानात तीच चूक अखेरची ठरू शकते.

निष्कर्ष :

१) निर्मितीचे वर्ष हे विमानाच्या सुरक्षिततेचे पुरेसे माप नाही. तास, चक्रे, कामाचे स्वरूप व देखभालीचा इतिहास यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.
२) सांगाडा किंवा प्रोपेलर निकामी होऊन झालेल्या अपघातांतही बहुधा आधीची सदोष दुरुस्ती किंवा अपुरी तपासणी आढळते.
३) डोंगराळ प्रदेशातील अपघातांत हवामान, भूप्रदेश व मानवी निर्णय यांचा वाटा मोठा असतो आणि तेथे नवे विमानही सुरक्षित राहतेच असे नाही.
४) सूचना-यंत्रणा बसविणे पुरेसे नसून ती चालू ठेवण्याची शिस्त व तसे प्रशिक्षण तितकेच महत्त्वाचे आहे.

समारोप :

'विमान जुने होते' या विधानात एक सोय दडलेली आहे. ते अपघाताचा दोष काळावर टाकते आणि काळाला जाब विचारता येत नाही. दुरुस्ती कोणी केली, तपासणीत काय सुटले, यंत्रणा का बंद होती, अशा हवामानात उड्डाणास परवानगी का मिळाली, या प्रश्नांना मात्र उत्तरे असतात व ती देणारी माणसे आणि संस्थाही असतात. ठाण्यातील त्या कुटुंबाच्या आप्तांना किंवा मेचुकाच्या वाटेवर गेलेल्या जवानांच्या घरच्यांना विमानाचे वय सांगून समाधान मिळणार नाही. विमान म्हातारे होणे अटळ आहे. त्याच्या म्हातारपणाची काळजी घेणे हे मात्र माणसाच्या हाती आहे.