दुकानातील कागद आणि संगणक : मोठ्या कंपन्यांचे धडे, छोट्या पेठेसाठी

आपले व्यापारी बांधव मालाला जितके जपतात तितके कागदाला जपत नाहीत. कोणते ठाण कोणत्या फळीवर आहे हे दुकानातला नोकर अंधारातही सांगेल. पण मागच्या दिवाळीचे एखादे खरेदी बिल मागितले तर सारे दुकान उलथेपालथे करावे लागते. पूर्वी यात फक्त वेळ जात असे. आता पैसा जातो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. खरेदीवर दिलेला कर वळता करून घ्यायचा असेल तर बिल आपल्या हाती असलेच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. ४० हजारांचे कापड घेतले, त्यावर पाच टक्के म्हणजे दोन हजार रुपये कर दिला. बिल नसेल तर हे दोन हजार आपल्या खिशातून गेले असे समजावे. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून तेच बिल माल पाठवणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात दाखवलेलेही असावे लागते. म्हणजे हातातले बिल आणि पोर्टलवरची नोंद ताडून पाहणे आले. बिलच सापडत नसेल तर ताडायचे कशाशी? कर सल्लागाराकडे पिशवी नेऊन टाकली म्हणजे आपण सुटलो, असे पुष्कळांना वाटते. पण नोटीस सल्लागाराच्या नावे येत नाही, आपल्या नावे येते.

मोठ्या कंपन्यांपुढे हा प्रश्न फार आधी उभा राहिला. त्यांनी त्यासाठी जी व्यवस्था उभी केली तिला ‘एन्टरप्राइज कंटेंट मॅनेजमेंट’ असे लांबलचक नाव आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर बिले, करार, पत्रे, चलने, नमुने, फोटो, ई-मेल हा सारा दस्तऐवज सांभाळण्याचा बंदोबस्त. टॅलीसारखा प्रोग्रॅम मुख्यतः आकडे सांभाळतो, हा कागद सांभाळतो. अमेरिकेत १९४३ साली मायक्रोफिल्मच्या धंद्यातील लोकांची एक संस्था निघाली. पुढे ती ‘आयिम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने या कामाचे पाच भाग पाडले : कागद आत घेणे, त्याची व्यवस्था लावणे, साठवणे, दीर्घकाळ जपणे आणि ज्याला हवा त्याला वेळेवर देणे. या धंद्याच्या परिषदांतून पुन्हा पुन्हा निघणारा सूर असा की, काम फसते ते प्रोग्रॅममुळे कमी आणि माणसांच्या सवयीमुळे जास्त. लाखोंचे ते प्रोग्रॅम गारगोटीच्या पेठेत कुणाला लागणार नाहीत. धडे मात्र फुकट आहेत आणि ते आपल्यालाही लागू पडतात.

आधी सफाई, मग संगणक

कागदावर घोळ असेल तर संगणकावरही घोळच चढतो. आपल्या राज्यातील सातबाराचे उदाहरण घ्या. उतारे संगणकावर आले, पण हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा यांचा मेळ बसेना. कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, चुका दुरुस्त करण्यात आल्या आणि मग १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. दुकानातही आधी कागदांचे चार ढीग करावेत : खरेदी, विक्री, बँक आणि कायमचे कागद. मग स्कॅनिंगला हात घालावा.

एका माणसाचे एकच नाव

संगणक अक्षरे जुळवून शोधतो. आपल्या समाजात ही मोठी अडचण आहे. महंमद, मोहम्मद, मुहम्मद, महम्मद आणि नुसते ‘मो.’ हा एकच माणूस असतो, पण संगणकाच्या लेखी ते पाच जण. शेख आणि शैख यांचे तेच. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत एका रीतीने लिहिलेले नाव मराठीत आणि इंग्रजीत जाताना कसे बदलते, हे आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचे आणि पुरवठादाराचे एकच लेखन ठरवावे. पुरवठादाराचे नाव जीएसटी नोंदणीत असेल तसेच घ्यावे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर पेढीचे नाव व बिल क्रमांक लिहावा. मग फाइली तारखेच्या क्रमाने आपोआप लागतात. उर्दू किंवा मोडीतील जुने हस्तलिखित कागद असतील तर संगणक ते वाचून देईल या भरवशावर राहू नये. त्यांची यादी हातानेच करावी.

खाडाखोड नको

मोठे प्रोग्रॅम कागदाची जुनी आवृत्ती पुसत नाहीत, नवी तिच्या शेजारी ठेवतात. आपल्याला हे कायद्यानेच सांगितले आहे. जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे वहीतील नोंद खोडून मिटवता येत नाही. हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या वा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग राहिला पाहिजे. म्हणून बिल बदलले तर जुनी फाइल मिटवू नये, नवीला ‘दुरुस्त’ असे नाव द्यावे.

किती वर्षे ठेवायचे?

जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवणे आले. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिच्या अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा वरची मुदत, यांतील जी नंतर संपेल ती धरावी. खरेदीखत, भाडेकरार, सही केलेली वचनचिठ्ठी यांची मूळ प्रत कायम जपावी. स्कॅन केले म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नये.

दुसरी प्रत दुसऱ्या जागी

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे दगावली, वरचे मजले जळाले आणि असंख्य फाइलींची राख झाली. त्यानंतर शासनाने कागद संगणकावर घेण्याचे काम नेटाने पुढे रेटले. आपल्या जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूर, शिरोळ, इचलकरंजी भागात दुकानांत पाणी शिरले. आमच्या वेदगंगेचेही पावसाळ्यात काही सांगता येत नाही. अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी गेल्या तर त्या वाजवी वेळेत परत उभ्या करता याव्यात अशी प्रत ठेवा, असे नियम ५७ सांगतो. एक प्रत दुकानाच्या संगणकात, एक घरच्या हार्डडिस्कवर आणि एक इंटरनेटवरील साठ्यात असावी. एकाच टेबलावरच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत होय.

कारागीर बांधवांसाठी

शिलाई, भरतकाम, जोडकाम करणाऱ्यांना वाटेल, आमच्याकडे कागद आहेतच कुठे? पण उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर पोहोचल्याचा दिवस हाच माल स्वीकारल्याचा दिवस धरतात. आता हा दिवस सिद्ध कशाने होणार? तारीख आणि सही असलेल्या चलनाने! ते चलन नसेल तर हक्क असूनही हात रिकामे. नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला ही तरतूद लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे. ऑर्डर, मापे, नमुन्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि फोन हरवला की जातात. ते त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावेत.

सुरुवात जुन्या पोत्यांपासून करू नये, माणूस थकून सोडून देतो. येत्या महिन्याच्या एक तारखेपासून फक्त खरेदी बिले घ्यावीत. दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे, एकाच माणसाकडे हे काम. महिनाअखेर कोणतेही एक बिल मागून पाहावे. दोन मिनिटांत मिळाले तर व्यवस्था बसली, मग विक्रीची बिले आणि चलने घ्यावीत.

उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आपल्याला मिळालेलाच आहे. लिहिलेला कागद जागेवर सापडावा, एवढीच भर आजच्या काळाने त्यात घातली आहे.