सयानी, अमीन

(२१ डिसेंबर १९३२–२० फेब्रुवारी २०२४). भारतीय नभोवाणीवरील ख्यातनाम निवेदक व कार्यक्रम-निर्माते. ध्वनिमुद्रिका वाजवावयाच्या आणि दोन गीतांमधल्या अवकाशात श्रोत्यांशी बोलावयाचे, हा जो व्यवसाय पुढे ‘रेडिओ जॉकी’ या नावाने रूढ झाला, त्याचे भारतातील स्वरूप मुख्यत्वे त्यांच्यामुळे निश्चित झाले. जन्म मुंबई येथे. वडील जान महंमद हे डॉक्टर होते. शिक्षण मुंबईचे न्यू एरा स्कूल, ग्वाल्हेरचे सिंदिया स्कूल व मुंबईचे सेंट झेव्हिअर्स महाविद्यालय येथे झाले.

त्यांच्या घडणीत आई कुलसुम सयानी (१९००–८७) यांचा वाटा मोठा आहे. प्रौढ साक्षरतेच्या कार्याबद्दल १९६० मध्ये पद्मश्री मिळालेल्या कुलसुमबाई १९४० ते १९६० या काळात ‘रहबर’ हे पाक्षिक चालवीत. महात्मा गांधींच्या प्रेरणेने निघालेल्या या पत्राची भाषा साधी हिंदुस्थानी असे व ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. या पत्राच्या कामात अमीन मदत करीत. नवसाक्षराला अडखळावे लागणार नाही असा शब्द निवडण्याची जी सवय त्यांना येथे लागली, ती त्यांच्या निवेदनात अखेरपर्यंत टिकली.

वडीलबंधू हमीद हे इंग्रजी कार्यक्रमांचे नामांकित निवेदक होते. त्यांच्यामुळे अमीन बालपणीच मुंबई आकाशवाणीच्या इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेऊ लागले. गायक होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वयात येताना आवाज फुटला आणि तो बेत मागे पडला. हिंदी निवेदकाच्या चाचणीत तर उच्चारांवर गुजराती व इंग्रजीची छाप असल्याच्या कारणावरून आकाशवाणीने त्यांना नाकारले. हिंदी निवेदनाचा मानदंड ठरलेल्या आवाजाची सुरुवात अशी नकाराने व्हावी, ही गोष्ट चाचण्या घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ध्वनिमुद्रिकांवर आधारलेले निवेदन मूळचे अमेरिकेतील. न्यूयॉर्कच्या मार्टिन ब्लॉक यांनी १९३५ मध्ये नृत्यसंगीताच्या मुद्रिका अशा बेताने वाजविल्या, की श्रोत्याला आपण नृत्यशाळेतच बसलो आहोत असे वाटावे. लोकप्रियतेच्या क्रमाने गीते वाजविणारा ‘हिट परेड’ हा प्रकारही त्याच वर्षी तेथे सुरू झाला. रेडिओ सिलोनच्या इंग्रजी विभागाने तो उचलला आणि ‘बिनाका हिट परेड’ या पाश्चात्त्य गीतांच्या कार्यक्रमाला भारतातही श्रोते मिळाले. हिंदी चित्रपटगीतांसाठी तसाच कार्यक्रम करण्याची कल्पना त्यातून निघाली.

ती फळाला येण्यास मात्र दिल्लीतील धोरण कारणीभूत झाले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्रिपद बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. मूळचे पुण्याचे असलेले केसकर अभिजात संगीताचे जाणकार होते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाला. चित्रपटगीते, विशेषतः पाश्चात्त्य नृत्यतालांवर बेतलेली गीते, त्यांना हीन अभिरुचीची वाटत. आकाशवाणीवरील अशा गीतांचे प्रमाण घटविण्यात आले आणि चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, असे ठरवून तेही वगळण्यात आले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाचे परवाने काढून घेतले व वर्षअखेरीस आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रेडिओचे बटण फिरविणे श्रोत्याच्या हाती असते, याचा त्यांना विसर पडला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले शक्तिशाली लघुतरंग प्रक्षेपक युद्धानंतर तेथील शासनाकडे आले होते. २५ व ४१ मीटरवरील त्यांचे कार्यक्रम भारतभर ऐकू येत.

३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. मुंबईत ध्वनिमुद्रण करून फिती विमानाने कोलंबोला जात व तेथून प्रक्षेपण होई. संहिता लिहिणे, निवेदन करणे व पत्रे वाचून निवडणे या सगळ्या कामांसाठी विशीतल्या अमीन सयानींना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. प्रारंभीचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. त्यात सात गीते ऐकवून त्यांचा लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी लावावा, बरोबर उत्तराला शंभर रुपये, अशी योजना होती. पहिल्याच कार्यक्रमाला सु. नऊ हजार पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला सु. पासष्ट हजारांवर गेला. इतकी पत्रे हाताळणे अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद करून गीतांचा क्रम निर्मात्यांनीच लावावयाचा, असे ठरले.

हा क्रम मुख्यतः ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवरून लावला जाई. या पद्धतीतील उणीव लौकरच उघड झाली : मागणी असूनही कित्येकदा मुद्रिका दुकानांत शिल्लक नसत. म्हणून गावोगावच्या श्रोतृसंघांच्या पसंतीचीही जोड देण्यात आली. झुमरी तिलैया, भाटापारा यांसारखी गावे श्रोत्यांच्या फर्माइशींमुळेच देशभर माहीत झाली. क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणत आणि दीर्घकाळ टिकलेल्या गीताला बिगुल वाजवून ‘सरताज गीत’ म्हणून गौरवीत.

१९५३ च्या वार्षिक क्रमवारीत पहिले स्थान ‘अनारकली’ चित्रपटातील गीताने मिळविले. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर) यांनी नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले होते. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये पाश्चात्त्य नृत्यतालांची गीते रचणारे आणि ‘अनारकली’त रागदारीच्या अंगाने जाणारे संगीतकार एकच होते. श्रोत्यांनी दोन्हींना दाद दिली. अभिजात व हीन अशी जी सरळ रेषा धोरणकर्त्यांनी ओढली होती, ती संगीतकारांना वा श्रोत्यांना कधी दिसलीच नाही.

सयानींच्या निवेदनाचा आरंभ ‘बहनों और भाइयों’ या संबोधनाने होई. बहिणींना पहिले स्थान देण्यात त्यांनी रूढ क्रम उलटविला. शब्द लांबवून, मध्येच थांबून, जवळ बसलेल्या एकाच माणसाशी बोलल्यासारखे ते बोलत. ऐकणाऱ्याला हे उत्स्फूर्त वाटे. प्रत्यक्षात संहिता आधी लिहिलेली असे. लघुतरंगांवरील आवाज खालीवर होतो व मधूनच विरतो. सावकाश, ठसठशीत उच्चार त्यामुळे आवश्यकच होता. त्यांच्या लकबींचे अनुकरण पुढे सर्रास झाले. त्यामागचे परिश्रम अनुकरणकर्त्यांना क्वचितच साधले.

सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणण्यासाठी आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली आणि चित्रपटगीतांना मानाने परत घेतले. जाहिरातींना मात्र आणखी दहा वर्षे थांबावे लागले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी, हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, स्थापन झाले होते आणि मराठी व हिंदी दोन्ही भाषांचा श्रोतृवर्ग त्याला प्रथमपासून लाभला होता. पुरस्कृत कार्यक्रमांसाठी पूर्वी सिलोनकडे कान लावणाऱ्या या श्रोत्यांना ते पुढे घरच्या केंद्रावरून मिळू लागले. त्यांतील पुष्कळ कार्यक्रमांचे निवेदक सयानीच होते, ‘एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा’ हा त्यांपैकी एक. हमीद यांच्या निधनानंतर (१९७५) ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ची जबाबदारीही त्यांनी उचलली.

उत्पादनाच्या नावाबरोबर ‘गीतमाला’चे नावही ‘सिबाका’ झाले. १९८९ मध्ये हा कार्यक्रम विविध भारतीवर आला. ज्या आकाशवाणीच्या धोरणामुळे त्याला परदेशातून वाट काढावी लागली, तिच्याच छत्राखाली तो यावयास सदतीस वर्षे लागली. तोवर दूरचित्रवाणीने घरे व्यापली होती. १९९४ मध्ये तो बंद पडला. या शतकाच्या आरंभी काही काळ त्याचे पुनरुज्जीवन झाले, पण पूर्वीचा प्रतिसाद मिळाला नाही. खाजगी एफएम केंद्रांचे निवेदक थेट व वेगाने बोलतात. संहिता लिहून घेण्याची पद्धत तेथे फारशी उरलेली नाही.

सु. ५४,००० कार्यक्रम व १९,००० जाहिराती त्यांच्या नावे नोंदविल्या जातात. ‘भूत बंगला’ व ‘तीन देवियाँ’ (दोन्ही १९६५) या चित्रपटांत ते अल्पकाळ दिसले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. हृदयविकाराने त्यांचे मुंबई येथे निधन झाले.