मालिकेतले प्रेम पटते कधी?

मालिकेतील प्रेम पटण्यासाठी निष्ठावान प्रेक्षकाची अट एकच असते : अडथळा खरा हवा. ‘झी मराठी’वर २०१६-१७ मध्ये गाजलेली ‘काहे दिया परदेस’ ही मालिका प्रारंभी या अटीत बसली. मुंबईच्या सावंतांची गौरी आणि बनारसचा शिव शुक्ला यांच्या आड येत होती ती भाषा, रीतिरिवाज आणि मोहन जोशी यांनी रंगवलेल्या वडिलांची नाराजी. खान्देशला तर ही जोडी अधिकच जवळची. गौरी साकारणाऱ्या सायली संजीव यांचा जन्म धुळ्याचा. मुंबई-बनारस लोहमार्गही जळगाव-भुसावळवरूनच जातो. अहिराणीतील हिंदी-गुजरातीची सरमिसळ जिथे कानाला सवयीची, तिथे शिवची बोली परकी कशी वाटावी?

लग्नानंतर मात्र सासूच्या रागाने कथा व्यापली आणि हा मूळ पेच मागे पडला. ‘तुला पाहते रे’ने (२०१८-१९) तर कडेलोटच केला. विक्रांत आणि ईशा यांच्या वयातील मोठे अंतर हा कथेचा गाभा होता. पुढे विक्रांत खलनायक निघाला, ईशा त्याच्या पहिल्या पत्नीचा पुनर्जन्म ठरली. कलाटणी जबर होती. पण वयाच्या अंतराचा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहिला.