कलम सुचवणार यंत्र, तपासणार कोण?

लेखमाला : यंत्रबुद्धी आणि कारभार (भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण ब्लेचली पार्क ते सोल असा एआय सुरक्षेच्या बैठकांचा प्रवास पाहिला. मे २०२४ मध्ये सोलला १६ कंपन्यांनी सुरक्षेची वचनं दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओपनएआय आणि अँथ्रोपिक यांनी आपली नवी मॉडेलं अमेरिकी सरकारच्या संस्थेला आधी तपासू द्यायचं कबूल केलं. आज जरा घराजवळ, ताडकळसला येऊ.

पूर्णा तालुक्यातल्या या गावात पोलीस ठाणं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये 'महाक्राइमओएस एआय' ही प्रणाली राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा मुंबईत झाली, तेव्हा ताडकळसही त्यात आलंच. 'मार्व्हल' ही २०२४ साली नागपुरात उभी राहिलेली राज्य सरकारची कंपनी, मायक्रोसॉफ्ट आणि सायबरआय यांनी मिळून ही प्रणाली बांधली. आधी नागपूरच्या २३ ठाण्यांत वापरून पाहिली. तपासाची दिशा सुचवायची, कायद्याचे संदर्भ काढून द्यायचे, हे तिचं काम.

आता एक फिर्याद कल्पून पाहा. "सायेब, रातच्याला हिरीवरली मोटार गेली." ठाणे अंमलदार विचारतात, कितीची होती? "जुनीच हाय, साडेचार हजाराची धरा."

त्या एका आकड्यावर सगळं फिरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खालची चोरी पाच हजारांच्या आतली असली की ती अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. साडेपाच हजार म्हटलं असतं तर गुन्हा दखलपात्र. तीच मोटार आखाड्यावरच्या कुलूपबंद खोलीतून गेली असेल तर कलम ३०५, आणि शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून सातवर. चोरी १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणजे ही संहिता लागू होण्यापूर्वीची निघाली, तर फिर्याद आज दिली तरी जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३७९. दीडशेहून अधिक वर्षांचे निकाल भादंविचेच असल्यामुळे यंत्राच्या तोंडी ३७९ पटकन येईल, आणि तेही अगदी ठासून!

ही चूक कुठल्या परीक्षेत पकडली जाणार? परदेशी संस्था जैविक अस्त्रं, सायबर हल्ले असे धोके तपासतात. ते हवंच, पण विहिरीवरची मोटार त्यांच्या प्रश्नपत्रिकेत येणार नाही. आयएसओ ४२००१ नावाचं मानक डिसेंबर २०२३ पासून आहे, मात्र ते संस्थेचा कारभार कसा चालतो हे बघतं. पंपावरचा आयएसआय शिक्का त्या पंपाबद्दल बोलतो. आयएसओचा दाखला यंत्राने दिलेल्या उत्तराबद्दल काहीच बोलत नाही. निविदांमध्ये तो मोठ्या झोकात लावला जातो, म्हणून सांगितलं.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटची घोषणा झाली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती आयआयटी मद्रासच्या प्रा. बी. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केली. वेगळा कायदा तूर्त नको, उद्योगांनी आपणहून पाळावं, असा त्यांचा कल. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती एआयमुळे झालेल्या घोटाळ्यांची देशपातळीवर नोंद ठेवण्याची सूचना. पण नोंद भरणार कोण? कंपनी स्वतःहून भरेल ही आशा भाबडी आहे.

फिर्यादी सरकारकडे आहेत आणि मॉडेल कुठे अडखळतं हे कंपनीला दिसतं. दोघांनी आपापली झाकली मूठ उघडली नाही तर या सहकार्याला नुसती खरेदी म्हणावं लागेल. मराठवाड्यातल्या जुन्या फिर्यादी नावगाव काढून घ्याव्यात, सरकारी वकिलांनी त्यांना बिनचूक कलमं लावावीत, आणि त्या संचावर प्रणालीची परीक्षा व्हावी. मॉडेल बदललं की परीक्षा पुन्हा. कंपन्या मॉडेल वरचेवर बदलतात. अंमलदारांनी यंत्राचं कलम खोडून दुसरं लावलं, तर ती खाडाखोड कंपनीकडे आणि सेफ्टी इन्स्टिट्यूटकडे जावी. हे सगळं करारात लिहिलेलं हवं, पत्रकार परिषदेत बोललेलं नको.

एक काम तर राज्याला लगेच करता येईल. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. कलम यंत्राने सुचवलं होतं का आणि ते कोणत्या अधिकाऱ्याने तपासलं, याची एक ओळ त्या प्रतीवर छापावी.

(पुढच्या भागात : जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं महाॲग्री-एआय धोरण.)