घटक ६ : 'मी सहमत आहे' – डिजिटल व्यवहारातील भाषिक कृती

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• वर्णनपर उक्ती आणि कृतिरूप उक्ती यांतील भेद सोदाहरण सांगता येईल.
• पिन, ओटीपी आणि 'सहमत आहे' हे बटण यांना भाषिक कृती का म्हणावे, हे स्पष्ट करता येईल.
• संमतीच्या मजकुरातील कर्त्याचा लोप ओळखून तो मजकूर सुबोध मराठीत लिहिता येईल.
• डिजिटल संमतीविषयीचे आपले हक्क आणि फसवणुकीनंतरची तातडीची कार्यवाही सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा केवळ माहिती देण्याचे साधन आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीची मर्यादा मला पुस्तकापेक्षा एका प्रसंगातून अधिक स्पष्टपणे कळली. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्र संपल्यानंतर एक विद्यार्थिनी मागे थांबल्या. शिवणकाम करून त्या घर चालवीत होत्या. जुने शिलाई मशीन विकण्यासाठी त्यांनी मोबाइलवर जाहिरात दिली होती. एका गृहस्थाने फोन करून सांगितले, "ताई, विसार म्हणून चार हजार पाठवतो. मी पाठवलेला कोड स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील." त्यांनी तसे केले आणि त्यांच्याच खात्यातून चार हजार रुपये गेले.

त्या मला म्हणाल्या, "सर, मी पैसे दिलेच नाहीत. मी तर घेत होते." घरच्यांनी मात्र त्यांना विचारले होते की, बी.ए.ला बसलेली बाई अशी फसते कशी?

या प्रश्नाचे उत्तर 'अज्ञान' या एका शब्दात देता येत नाही. फसवणूक झाली ती भाषेच्या एका विशिष्ट गुणधर्माच्या आधारे. तो गुणधर्म समजून घेणे, हा या घटकाचा विषय आहे.

६.२ विषय विवेचन

६.२.१ सांगणे आणि करणे

ऑक्सफर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये, 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांचे मूळ निरीक्षण साधे आहे. 'बाहेर पाऊस पडत आहे' हे वाक्य खरे असेल किंवा खोटे. ते एखाद्या स्थितीचे वर्णन करते. परंतु सभेच्या अध्यक्षांनी 'मी ही सभा तहकूब करतो' असे म्हटले, तर ते तहकुबीचे वर्णन नसते. त्या उच्चारानेच सभा तहकूब होते. 'मी शपथ घेतो', 'मी राजीनामा देत आहे', 'हे घर मी मुलीच्या नावे करते' ही वाक्येही अशीच आहेत. पहिल्या प्रकाराला आपण वर्णनपर उक्ती आणि दुसऱ्या प्रकाराला कृतिरूप उक्ती म्हणू.

कृतिरूप उक्ती खरी की खोटी, असा प्रश्न संभवत नाही. ती सफल झाली की असफल, असे विचारावे लागते. सफलतेसाठी ऑस्टिन यांनी सांगितलेल्या अटी थोडक्यात अशा मांडता येतील :
(अ) अशी कृती करण्याची सर्वमान्य रीत अस्तित्वात असावी आणि ती करणारी व्यक्ती त्यासाठी योग्य असावी.
(आ) ती रीत बिनचूक आणि पूर्णपणे पार पाडली जावी.
(इ) त्या कृतीला साजेसा हेतू आणि भाव बोलणाऱ्याच्या मनात असावा.

पहिल्या दोन अटी मोडल्या, तर कृती घडतच नाही. सभेला आलेल्या प्रेक्षकाने सभा तहकूब केल्याचे जाहीर केले, तर कोणी उठून जात नाही. तिसरी अट मोडली, तर कृती घडते, पण ती पोकळ असते. पाळण्याचा विचार नसताना दिलेले वचन हे याचे उदाहरण होय. अटींमधील हा फरक ध्यानात ठेवावा. पुढील विवेचन त्यावरच उभे आहे.

६.२.२ पिन आणि ओटीपी : अंकांतील उक्ती

यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धत भारतात २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात पिन टाकणे याचा अर्थ 'माझ्या खात्यातून ही रक्कम द्यावी, असा मी आदेश देत आहे' असा होतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ओटीपीचेही तसेच. संकेतस्थळावरून कार्डाने पैसे देताना अशा अतिरिक्त पडताळणीची सक्ती रिझर्व्ह बँकेने २००९ पासून केली. नोंदविलेल्या मोबाइलवर आलेला अंक जो ठरावीक वेळेत भरतो, तोच खातेदार, असे यंत्रणा मानते. म्हणजेच हे चार-सहा अंक 'माहिती' नाहीत. ती सही आहे.

भामटा नेमका हाच भेद पुसून टाकतो. त्याच्या बोलण्यातील क्रियापदे पाहा : 'आलेला नंबर फक्त सांगा', 'वाचून दाखवा', 'खात्री करून घ्यायची आहे'. ही सर्व वर्णनपर उक्तींच्या परिसरातील क्रियापदे आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, आपण काहीतरी सांगत आहोत. प्रत्यक्षात तो काहीतरी करून बसतो. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' या वाक्यात तर 'साठी' या शब्दयोगी अव्ययाने दोन परस्परविरुद्ध कृती हेतू आणि साधन म्हणून जोडल्या आहेत. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, म्हणून त्यातील असत्य खटकत नाही.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजीत 'पे' असा शब्द होता, तर कानावर मराठीत 'पैसे येतील' असे शब्द पडत होते. परक्या भाषेतील लेखनापेक्षा आपल्या भाषेतील आवाजावर माणूस अधिक विश्वास ठेवतो. हा दोष त्या बाईंचा नसून भाषिक व्यवहाराचा स्वभाव आहे.

आता वर सांगितलेल्या अटी लावून पाहा. (अ) आणि (आ) या अटी येथे पूर्ण झाल्या : रीत मान्य होती, खातेदार योग्य होती आणि पिन अचूक होता. (इ) मात्र पूर्णपणे अनुपस्थित होती, कारण पैसे देण्याचा हेतूच नव्हता. माणसासमोर व्यवहार झाला असता, तर समोरच्याने कदाचित विचारले असते, 'बाई, हे पैसे तुम्ही देत आहात, ठाऊक आहे ना?' यंत्र पहिल्या दोन अटी तपासते. हेतू तपासण्याची सोय त्यात नाही. म्हणून तिसऱ्या अटीची राखण आपल्यालाच करावी लागते.

६.२.३ 'डिजिटल अटक' : असफल उक्तीचे उदाहरण

अलीकडे व्हिडिओ कॉल करून, पोलिसी गणवेश घालून, 'तुम्हाला डिजिटल अटक करण्यात आली आहे' असे सांगितले जाते आणि तासन्‌तास घाबरवून पैसे काढून घेतले जातात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या 'मन की बात' कार्यक्रमातही याविषयी सावध केले होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे (अ) या अटीच्या भंगाचे ठळक उदाहरण आहे. भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही प्रक्रिया नाही आणि बोलणारी व्यक्तीही अधिकारी नाही. त्यामुळे हे वाक्य उच्चारल्याने काहीही घडत नाही. प्रेक्षकाने सभा तहकूब करण्याइतकेच ते निरर्थक आहे. तरीही माणसे हादरतात, कारण कृतिरूप उक्तीचा बाह्य आकार – शासकीय शब्दावली, कर्मणी रचना, करडा स्वर – हुबेहूब असतो. अशा वेळी 'हे खरे आहे का?' यापेक्षा 'असे करण्याची रीत अस्तित्वात आहे का?' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

६.२.४ संमतीचे व्याकरण

फसवणुकीचा भाग सोडला, तरी आपण सर्वजण रोज एक कृतिरूप उक्ती न वाचता करीत असतो. ती म्हणजे 'मी सहमत आहे'. भाषाशास्त्र शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकानेही असंख्य वेळा हे बटण मजकूर न वाचता दाबले आहे. तो मजकूर वाचला असता, तरी किती कळला असता? पुढील नमुना पाहा :

'सेवेच्या सुधारणेच्या दृष्टीने आपली माहिती निवडक भागीदारांसोबत सामायिक केली जाऊ शकते.'

हा नवीन कर्मणी प्रयोग आहे. या प्रयोगात कर्त्याला 'कडून' हे शब्दयोगी अव्यय लागते आणि तो कर्ता सहज गाळता येतो. कोण देणार? गाळले आहे. कोणाला देणार? 'निवडक भागीदार'. कोणती माहिती? 'आपली माहिती'. 'शकते' या क्रियापदामुळे देणार की नाही, हेही मोघम राहते. तेच वाक्य कर्तरी प्रयोगात लिहू :

'आम्ही तुमचा मोबाइल क्रमांक विमा विकणाऱ्या कंपन्यांना देऊ.'

दोन्ही वाक्ये एकाच व्यवहाराविषयी असू शकतात. पहिल्याला आपण होकार देतो. दुसरे वाचून हात थबकतो. बटणांची भाषाही पाहण्यासारखी आहे. संमतीच्या जागी 'पुढे' किंवा 'ठीक आहे' लिहिलेले असते. नकाराच्या जागी 'नाही' नसून 'नंतर' असते. 'पुढे' हे गतीचे अव्यय आहे, होकाराचे नव्हे. नकाराला शब्दच दिला नसेल, तर होकाराला अर्थ उरत नाही.

६.२.५ अंगठ्याचा पूर्वेतिहास

न कळता दिलेल्या संमतीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. 'दख्खनचे दंगे' या नावाने तो ओळखला जातो. उठावकऱ्यांचे मुख्य लक्ष्य सावकारांकडील कर्जरोखे आणि खतपत्रे हे होते. ती हस्तगत करून जाळण्यात आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याला आपल्याच नावाच्या कागदात काय आहे, हे पाहता येत नव्हते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याने करावयाचा दस्त ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याच्यासमोर तो केला जावा, अशी तरतूद होती. हेतू तपासण्यासाठी व्यवहारात एक माणूस उभा करण्याचा तो प्रयत्न होता.

आज अंगठा कागदाऐवजी यंत्रावर टेकतो. आपण साक्षर आहोत, परंतु पडद्यावरील मजकुरापुरते पुष्कळदा त्या कुणब्याच्याच जागी असतो.

६.२.६ कायदा आणि भाषेचा हक्क

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३' संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. भाषेच्या अभ्यासकाने या अधिनियमातील पुढील बाबी अवश्य जाणून घ्याव्यात :
• संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी आणि ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी.
• संमतीची विनंती स्पष्ट आणि साध्या भाषेत असावी. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असावा. या २२ भाषांत मराठी आहे आणि कोकणीही आहे.
• संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे.
• कामापुरत्या आवश्यक माहितीपलीकडे संमती पोहोचत नाही. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने मोबाइलमधील संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी तो होकार वैद्यकीय सेवेपुरताच मानावा, असे उदाहरण अधिनियमातच दिले आहे.

यातील पहिली बाब म्हणजे ऑस्टिन यांच्या तिसऱ्या अटीला कायद्याने दिलेली मान्यताच होय, असे आम्हास वाटते. न कळलेला होकार हा होकार नव्हे. मात्र 'मराठीचा पर्याय' म्हणजे शब्दशः भाषांतर नव्हे. कर्ता लपविणारे इंग्रजी वाक्य कर्ता लपविणाऱ्या मराठीत आणल्याने हक्क पूर्ण होत नाही. येथे मराठीच्या पदवीधरांना करण्याजोगे मोठे काम आहे.

फसवणूक झाल्यास मात्र वेळ दवडू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतः गुप्त तपशील दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळविल्यानंतरचा तोटा बँकेचा, असे ठरविले होते. म्हणून प्रथम बँकेला कळवावे, लगोलग १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी गप्प राहण्यात गेलेला प्रत्येक तास भामट्याच्या पथ्यावर पडतो.

६.३ सारांश

भाषेने आपण सांगतो आणि करतोही. पिन, ओटीपी व 'सहमत आहे' या कृतिरूप उक्ती आहेत. भामटा 'करण्या'ला 'सांगण्या'चे रूप देतो. मोघम संमतीपत्र कर्त्याला दडवून ठेवते. यंत्र हेतू तपासत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत : मी येथे काय करीत आहे? हे करण्याची रीत खरोखर आहे का? या वाक्याचा कर्ता कोण?

त्या विद्यार्थिनीचे पैसे परत मिळाले नाहीत. मात्र हा विषय पुढे वर्गात शिकविला, तेव्हा त्यांनी स्वतःच उभे राहून आपला अनुभव सर्वांना सांगितला. 'मी घेत होते' हे त्यांचे वाक्य खरे होते. यंत्राने ते ऐकले नाही, एवढेच.

६.४ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. कृतिरूप उक्तीच्या सफलतेच्या अटी आपल्या परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. 'डिजिटल अटक' ही उक्ती असफल का ठरते, ते सांगा.
३. उपक्रम : आपल्या मोबाइलमधील कोणत्याही एका ॲपचा संमतीचा मजकूर घ्या. त्यातील कर्ता गाळलेली तीन वाक्ये शोधा, ती कर्तरी प्रयोगात लिहा आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीला दोन्ही रूपे वाचून दाखवा. कोणत्या रूपाला त्यांनी होकार दिला, याची नोंद करा.