कारगिलची बातमी कुठे अडली?

26 जुलै, म्हणजे कारगिल विजय दिन, जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘आपल्या गुप्तचरांना काहीच पत्ता नव्हता, मेंढपाळांनी सांगितलं म्हणून कळलं.’ शाळेतल्या भाषणांत हेच, वाहिन्यांवरच्या चर्चांतही हेच. यातला उत्तरार्ध खरा आहे. मे 1999 च्या सुरुवातीला बटालिक भागात घुसखोर पहिल्यांदा दिसले ते स्थानिक मेंढपाळांनाच. पूर्वार्ध मात्र अर्धवट आहे आणि वर्षानुवर्षं तोच घोकल्यामुळे कारगिलचा खरा धडा मागे पडला आहे.

युद्ध संपताच, 29 जुलै 1999 रोजी, सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली. तिचा अहवाल संसदेत मांडला गेला, पुस्तकरूपानेही निघाला. तो उघडून पाहावा. 2 जून 1998 रोजी, म्हणजे घुसखोरी उघड होण्याच्या अकरा महिने आधी, इंटेलिजन्स ब्युरोच्या संचालकांनी नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींविषयी स्वतःच्या सहीने पत्र धाडलं होतं. ते गेलं पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव आणि लष्कराच्या मिलिटरी ऑपरेशन्सच्या महासंचालकांकडे. ज्यांचा या माहितीशी सर्वांत जवळचा संबंध, ते परदेशी गुप्तवार्ता सांभाळणाऱ्या रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तचर समितीचे अध्यक्ष आणि मिलिटरी इंटेलिजन्सचे महासंचालक मात्र त्या यादीत नव्हते. वरून खाली माहिती झिरपेल, अशी संचालकांची अपेक्षा होती. रॉच्या प्रमुखांपर्यंत ती झिरपली नाही. संयुक्त समितीच्या अध्यक्षपदाचा अतिरिक्त कार्यभारही तेव्हा त्यांच्याकडेच होता, कारण ते पद दीड वर्ष रिकामं ठेवलेलं होतं.

आता रॉचं पाहा. सप्टेंबर 1998 अखेरच्या सहामाही अहवालात पाकिस्तानकडून मर्यादित पण झटपट हल्ल्याची शक्यता नोंदवली होती. मात्र तिला पुष्टी देणारे तपशील दिले नव्हते. मार्च 1999 अखेरच्या अहवालातून ती शक्यताच गळाली. पाकिस्तानची आर्थिक तंगी त्याला असं साहस करू देणार नाही, असा उलट निष्कर्ष तिथे आला. फेब्रुवारीत दोन्ही देशांच्या शांततेच्या लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या होत्या. हिवाळ्यात त्या उंचीवर मोठी घुसखोरी टिकणारच नाही, ही लष्कराचीही पक्की धारणा होती.

याचा अर्थ सगळं ठाऊक होतं, असा मुळीच नाही. कारगिलसमोर पाकिस्तानच्या कोणत्या पलटणी आल्या, कोणत्या हलल्या, याची अचूक माहिती नव्हती. समितीने ही गंभीर उणीव म्हणून नोंदवली. पण हाती असलेले तुकडे एका टेबलावर कधी आलेच नाहीत आणि ठरून गेलेल्या समजुतीला आव्हान देण्याचं काम कुणाकडे सोपवलेलंच नव्हतं. ‘पत्ताच नव्हता’ म्हटलं की हे दोन्ही दोष झाकले जातात. म्हणून त्या वाक्याचा राग येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘आपण हिवाळ्यात सोडलेल्या चौक्या त्यांनी बळकावल्या.’ समितीच्या मते घुसखोरी झाली ती दोन चौक्यांमधल्या मोकळ्या जागांतून. नेहमीपेक्षा लवकर सोडलेली चौकी एकच, बजरंग पोस्ट, तीही अतिबर्फामुळे.

‘रॉ निकामी ठरली.’ मे 1999 मध्ये बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे सहकारी यांचं फोनवरचं संभाषण रॉनेच पकडलं. ते जाहीर झालं आणि ‘हे तर मुजाहिदीन’ हा पाकिस्तानचा बचाव कोसळला.

‘अहवाल धूळ खात पडले.’ त्यानंतर संरक्षण गुप्तचर संस्था आणि तांत्रिक गुप्तवार्तेसाठीची एनटीआरओ उभ्या राहिल्या. संरक्षण दलप्रमुख हे पद मात्र 2020 उजाडेपर्यंत भरलं गेलं नाही.

‘यंत्रं वाढवली की पुन्हा असं होणार नाही.’ ड्रोन आणि उपग्रह हवेतच, समितीनेही ते सुचवले होते. पण 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्याआधीही समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे आलेले होते. त्यामुळे अशा प्रत्येक घटनेनंतर ‘बातमी का नव्हती’ एवढंच विचारून थांबू नये. आलेली बातमी कुणाच्या नावे गेली, कुणी ती बाजूला ठेवली आणि कशाच्या भरवशावर, याचंही उत्तर मागितलं पाहिजे. सुब्रह्मण्यम समितीने ते मागितलं, म्हणूनच तिचा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे.